दूरदेशीचा वाचक आणि वर्तमानपत्रातील ‘आज’

१. प्रश्नाचे स्वरूप

‘वर्तमानपत्र’ हा शब्द आजच्या वाचकाला चालू क्षणाचे पत्र अशा अर्थाचा वाटतो. शब्दाचा इतिहास पाहता ही समजूत पूर्णपणे बरोबर नाही. पेशवेकालीन पत्रव्यवहारात ‘वर्तमान’ म्हणजे वृत्त, हकीकत. ती चार दिवसांपूर्वीची असो वा दोन महिन्यांपूर्वीची. मुद्रणयुगात हा शब्द नियतकालिकाला लावला गेला तेव्हाही त्यातील ‘वर्तमान’ काळवाचक नव्हते. पुढे नियतकालिके दैनिक झाली, लिहिणे व वाचणे यांतील अंतर एका रात्रीपुरते उरले आणि शब्दातील काळाचा अर्थ प्रबळ झाला. लेखक आणि वाचक एकाच ‘आज’मध्ये व एकाच ‘येथे’मध्ये उभे आहेत, हे दैनिकाच्या भाषेचे मूलभूत गृहीतकृत्य होय.

हे गृहीतकृत्य जिथे मोडते असा एक वाचकवर्ग पूर्वीपासून आहे. स्वदेश सोडून दूर राहणारा आणि घरचे पत्र मागवून वाचणारा मनुष्य हा तो वाचक. त्याच्या हाती अंक पडतो तेव्हा त्यातील ‘आज’ केव्हाच सरलेला असतो आणि ‘येथे’ समुद्रापलीकडे राहिलेले असते. अशा वाचकाच्या गरजेमुळे पत्रांच्या भाषेत व रचनेत कोणते फेरफार झाले, आणि अंतर जवळजवळ नाहीसे झाल्यावर त्या गरजेपैकी काय शिल्लक राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी प्रथम मुंबईत राहणारा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज वाचक घेतला आहे. कारण त्याच्या डाकेचा वेग कसकसा वाढत गेला हे सालवार सांगता येते, आणि त्या डाकेचा मराठी पत्रसृष्टीशीही प्रत्यक्ष संबंध होता. त्यानंतर परदेशस्थ मराठी वाचकाकडे वळावयाचे आहे.

२. लेखनकाल आणि पैवस्तीकाल

‘मी’, ‘येथे’, ‘आज’, ‘काल’ या शब्दांचा अर्थ कोशात पाहून पुरा होत नाही. तो कोण, कोठे व केव्हा बोलत आहे यावर ठरतो. येस्पर्सन यांनी १९२२ मध्ये आणि याकोब्सन यांनी १९५७ मध्ये या वर्गाचा विचार ‘अर्थ पालटणारे शब्द’ म्हणून केला. कार्ल ब्यूलर यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात अशा निर्देशांना एक आरंभबिंदू असतो आणि तो बोलणाऱ्याच्या ‘मी-येथे-आता’ या ठिकाणी असतो, असे मांडले. समोरासमोरच्या बोलण्यात हा बिंदू दोघांनाही दिसतो. लेखनात तसे नसते. म्हणून चार्ल्स फिल्मोर यांनी १९७१ च्या व्याख्यानांत संदेश रचण्याचा काल आणि तो उलगडण्याचा काल यांत भेद केला.

हा भेद मराठी दप्तराला नवीन नाही. पत्र लिहिल्याची मिती एक आणि ते पोचल्याची, म्हणजे ‘पैवस्ती’ची, मिती दुसरी, ही दुसरी मिती पत्रावर नोंदवून ठेवण्याची चाल पेशवाईत होती. दिल्लीहून निघालेले पत्र पुण्यास पोचेतो परिस्थिती पालटलेली असणार, हे कारभाऱ्यांना ठाऊक असे. पत्राचे मोल ठरविताना दोन्ही मित्या पाहाव्या लागत. प्रस्तुत लेखात म्हणूनच ‘लेखनकाल’ आणि ‘पैवस्तीकाल’ ह्या संज्ञा वापरल्या आहेत.

दोन काळांतील अंतर भाषेने कसे हाताळावे, याला दोन मार्ग आहेत. एक, लेखकाने आपल्या जागी उभे राहून लिहावे आणि हिशेब वाचकावर सोपवावा. दुसरा, लेखकाने मनाने वाचकाच्या काळात जावे. प्राचीन लॅटिन पत्रलेखनात हा दुसरा मार्ग रूढ होता. सिसरो आपल्या पत्रांत ‘मी लिहीत आहे’ असे म्हणावयाचे तेथे पुष्कळदा ‘मी लिहीत होतो’ असे लिहितो, कारण वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती क्रिया भूतकाळातील असते. त्याच न्यायाने ‘आज’च्या जागी ‘त्या दिवशी’ येते. ही रीत सर्वत्र सारखी पाळली गेली असे नाही. परंतु क्रियापदाचा काळ केवळ लेखकाच्या घड्याळाशी बांधलेला नसतो, हे तीवरून स्पष्ट होते.

मराठीत या दृष्टीने ‘परवा’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. तो ‘आज’पासून दोन दिवस मागे आणि दोन दिवस पुढे, असे दोन्ही अर्थ देतो, निवड क्रियापदावरून होते. म्हणजे ‘आज’ निश्चित नसेल तर ‘परवा’ दुहेरी संदिग्ध होतो. ‘यंदा’ आणि ‘गुदस्ता’ यांचीही गत तीच. मात्र त्यांची मुदत वर्षाची असल्यामुळे ते काही आठवड्यांचा विलंब सोसू शकतात. शब्दाची मुदत जितकी लांब तितका तो प्रवासाला टिकाऊ, हा नियम पुढे नियतकालिकांच्या बाबतीतही उपयोगी पडेल.

३. मुंबई आणि विलायतेची डाक

शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत तेव्हा इंग्लंडातील वृत्तपत्र मुंबईस पोचण्यास चार ते सहा महिने लागत. २० मार्च १८३० रोजी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुवेझकडे निघाली आणि सुमारे ३३ दिवसांनी तेथे पोचली. त्यांतील बराच काळ वाटेत कोळसा भरण्यात गेला. सुवेझपासून भूमध्य समुद्रापर्यंतचा मार्ग खुष्कीचा असल्यामुळे या डाकेला ‘ओव्हरलँड’ म्हणजे खुष्कीची डाक असे नाव पडले. कोळशाच्या सोयीसाठी जानेवारी १८३९ मध्ये एडन ताब्यात घेण्यात आले. पुढे इजिप्तमध्ये लोहमार्ग झाला, १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचा अंक पंधरवड्याच्या आसपास मुंबईत येऊ लागला. ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची विमानडाक सुरू झाली, तिला सात दिवस लागत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांच्या विमानाने कराचीहून डाक अहमदाबादमार्गे मुंबईस आणली.

हे आकडे केवळ वाहतुकीचे नाहीत. विलंब एकेरी असला तर वाचक शिळी बातमी वाचतो, एवढेच होते. परंतु घरच्या पत्राचा वाचक स्वतःविषयीचे घरचे मतही वाचीत असतो, आणि तेथे विलंब दुप्पट होतो. १० मे १८५७ रोजी मीरतेस उठाव झाला. ती वार्ता लंडनला जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोचली. तिच्यावर लंडनच्या पत्रांनी लिहिलेले भाष्य हिंदुस्थानातील वाचकाच्या हाती ऑगस्टच्या सुमारास पडणार. तोवर दिल्लीला वेढा पडलेला, कानपूर घडून गेलेले. लंडनच्या लेखकाचा ‘आता’ मे महिन्यातील बातमीवर आधारलेला, वाचकाचा ‘आता’ ऑगस्टमधील. अशा स्थितीत घरच्या पत्रातील धीराचा वा टीकेचा शब्द खोटा नसूनही लागू पडत नसे.

४. ‘होम’ आणि ‘विलायत’

स्थलवाचक शब्दांच्या बाबतीतही मुंबई हे एक चमत्कारिक ठिकाण होते. हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत ‘होम’ या सामान्य नामाचा अर्थ इंग्लंड असा रूढ झाला होता. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने त्याची वेगळी नोंद केली आहे. मनुष्य राहतो त्या जागेला घर म्हणावे, हा सामान्य संकेत येथे उलटला होता. राहण्याची जागा एक आणि ‘घर’ दुसरे.

त्याच देशाला मराठी मनुष्य ‘विलायत’ म्हणत असे. हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ अंमल, प्रांत, राज्य असा. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि दूरचा परका मुलूख, विशेषतः इंग्लंड, या अर्थी स्थिरावला. ‘विलायती’ म्हणजे परदेशी. विलायती चिंचेचा इंग्लंडशी काही संबंध नाही. याच शब्दाच्या ‘बिलायती’ या रूपापासून इंग्रज शिपायांनी ‘ब्लायटी’ हा शब्द केला आणि तो मायदेशासाठी वापरला. परकेपणा सांगणारा शब्द उसना घेऊन त्याने आपुलकी व्यक्त करावी, हे अर्थपरिवर्तनाचे उत्तम उदाहरण होय.

एकाच आगबोटीतून उतरलेली पिशवी याप्रमाणे दोन प्रकारच्या वाचकांना पुरवठा करी. साहेबाला ती घरची खबर देई, आणि मराठी संपादकाला विलायतेची. बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, तेव्हा आगबोटीची वाट नुकतीच चाचपून पाहण्यात येत होती. त्या पत्रात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. तेथे भाषांतर करताना शब्दांबरोबर आरंभबिंदूही बदलावा लागे: इंग्रजी पत्रातील ‘येथे’ मराठीत ‘लंडन शहरी’ करणे, तेथील ‘आपले सरकार’ कोणाचे हे ठरविणे, महिन्यांपूर्वीच्या ‘काल’ला तारीख देणे. मराठी वृत्तलेखनाची सुरुवातीची घडण या कामातही झाली, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

५. डाकेसाठी घडलेले पत्र

विलंब टाळता येत नाही असे दिसल्यावर पत्रांनी स्वतःची रचना बदलली. १८४७ साली लंडनमध्ये ‘होम न्यूज’ हे पत्र हिंदुस्थान, चीन व वसाहती यांतील वाचकांसाठी सुरू झाले. ते डाकेच्या वेळापत्रकाशी जोडलेले होते. उलट दिशेने मुंबई-कलकत्त्याची इंग्रजी पत्रे डाक निघण्याच्या वेळी विलायतेतील वाचकांसाठी गेल्या काळातील घडामोडींचा सारांश ‘ओव्हरलँड’ आवृत्ती म्हणून काढीत. पुढे १९१९ मध्ये मँचेस्टर गार्डियनने जी साप्ताहिक आवृत्ती सुरू केली, तिचा वंशही हाच.

दैनिक अंक आणि असा सारांश यांत भाषेचा फरक कोणता? दैनिक ‘काल’ म्हणते, सारांश तारीख देतो. त्या काळच्या इंग्रजी पत्रांत चालू महिना, गेला महिना व येता महिना यांसाठी लॅटिनवरून आलेली संक्षिप्त रूपे तारखेपुढे लिहीत. हीही सापेक्षच, आगबोट पोचेतो महिना पालटला की ‘चालू’ महिन्याची १४ तारीख ‘गेल्या’ महिन्याची होई. म्हणून दूरच्या वाचकासाठी लिहिताना महिन्याचे नाव घालणेच श्रेयस्कर. दुसरा फरक क्रमाचा. दैनिकात वाचकाला बातमी तुकड्यातुकड्यांनी कळते आणि शेवट अज्ञात असतो. सारांशलेखकाला शेवट ठाऊक असल्यामुळे तो आधी निकाल सांगतो आणि मग हकीकत. अनिश्चिततेची क्रियापदे, ‘होईल असा रंग दिसतो’ या जातीची, सारांशात विरळ होतात.

परंतु सर्वच वाचकांना सारांश पुरा पडत नसे. पुष्कळांना दैनिकाचाच गठ्ठा हवा असे. गठ्ठा आल्यावर तो कसा वाचावा, हा प्रश्न सॉमरसेट मॉम यांनी ‘द आउटस्टेशन’ (१९२४) या कथेत केंद्रस्थानी आणला आहे. बोर्निओतील एक इंग्रज अधिकारी सुमारे सहा आठवड्यांनी आलेले ‘टाइम्स’चे अंक रोज सकाळी एक या क्रमाने उघडतो, महायुद्धाच्या काळातही पुढला अंक फोडून निकाल जाणून घेण्याचा मोह तो आवरतो. त्याचा दुय्यम सहकारी त्याच्या गैरहजेरीत सगळे अंक उघडून विस्कटून टाकतो, आणि दोघांतील वैर त्यावरून चिघळते. हा हट्ट म्हणजे केवळ तऱ्हेवाईकपणा नव्हे. लेखनकाल व पैवस्तीकाल यांतील अंतर कमी करता येत नाही, पण ते स्थिर ठेवता येते. अंतर स्थिर राहिले की अंकातील ‘आज’, ‘काल’, ‘उद्या’ यांचे परस्परसंबंध अबाधित राहतात, आणि वाचक सहा आठवडे मागे का होईना, पण घरच्या काळात जगतो. सहकाऱ्याने विस्कटले ते कागद नव्हते, ती कालगणना होती.

६. तारेने केलेली फाटाफूट

१८६५ मध्ये इराणच्या आखातातून हिंदुस्थानचा युरोपशी तारेने संबंध जोडला गेला. १८७० मध्ये सुवेझ व एडनवरून समुद्राखालील तार थेट मुंबईस आली. रॉयटरने १८६६ मध्येच मुंबईत कचेरी उघडली होती. यानंतर बातमी आणि वर्तमानपत्र यांची वाट वेगळी झाली. निवडणुकीचा निकाल तारेने स्थानिक पत्रात येई. त्याचा तपशील, वादविवाद, जाहिराती आणि मृत्युलेख असलेला घरचा अंक आठवड्यांनी मागून येई.

तर्काने पाहता, मुख्य बातमी आधीच कळल्यावर घरच्या पत्राची मागणी घटावयास हवी होती. तसे झाले नाही. यावरून वाचक त्या पत्रात केवळ बातमी शोधीत नव्हता, हे उघड होते. तारेचा शब्द महाग, म्हणून तारेची भाषा तुटक. तीत विशेषणे नाहीत, उपरोध नाही, ओळखीच्या गल्लीचे नाव नाही. घरच्या पत्रात हे सर्व असे. विलंबाची उणीव भरून निघाल्यावर त्या पत्राचे खरे कार्य अधिक स्वच्छ दिसू लागले: ज्या समाजात काही गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत, त्या समाजाचे सभासदत्व टिकविणे.

७. परदेशस्थ मराठी वाचक

मराठी वाचकाची स्थिती इंग्रजांहून भिन्न होती. त्याच्या मागे साम्राज्याची डाक नव्हती, आणि दूरच्या वाचकासाठी खास आवृत्ती काढणे मराठी पत्रांना परवडणारे नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वि. दा. सावरकरांनी लंडनहून ‘विहारी’ व ‘केसरी’ यांसाठी लिहिलेली बातमीपत्रे प्रसिद्ध आहेत. तेथे ओघ परदेशातून घराकडे आहे. घराकडून परदेशी जाणारा ओघ मात्र बहुतांशी खाजगी राहिला. वडील माणसे पत्रासोबत कात्रणे पाठवीत. कोणते कात्रण धाडावे हे ठरविताना घरचा मनुष्यच संपादक होई आणि समासात दोन शब्द लिहून संदर्भ पुरवी.

याशिवाय दिवाळी अंक होता. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केली. वर दिलेला मुदतीचा नियम येथे लागू पडतो. दैनिकाचा ‘आज’ एका दिवसात मरतो. दिवाळी अंकाची मुदत ‘यंदा’ची. समुद्राच्या टपालाने तो पौषात वा माघात पोचला तरी शिळा होत नसे. परदेशस्थ मराठी घरात तो जपून ठेवला जातो आणि हातोहात फिरतो, याला जिव्हाळ्याइतकेच हे व्याकरणही कारण आहे.

जेथे वस्ती मोठी आणि कायमची झाली तेथे तिने स्वतःची नियतकालिके काढली. १९४८ नंतर इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएल समाजाचे ‘मायबोली’ आणि कॅनडातून निघणारे ‘एकता’ ही त्यांची उदाहरणे. अशा पत्रात ‘येथे’ शब्दाचा अर्थ लोद किंवा टोरांटो असा असतो. भाषा घरची, पण आरंभबिंदू परदेशातील, अशी ही रचना. ती घरच्या पत्राची जागा घेत नाही, तर त्याने रिकामी ठेवलेली जागा भरते.

महाजालामुळे विलंब संपला. आरंभी प्रत्येक पत्राचा देवनागरी टंक वेगळा असे आणि तो उतरवून घेतल्यावाचून पान वाचता येत नसे. युनिकोड रूढ झाल्यावर हा अडसरही दूर झाला. इतकेच नव्हे, तर अंतर उलटे झाले. पुण्याची पहाट पाचची वेळ म्हणजे न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेसहा. तेथील मराठी वाचक मंगळवारचा अंक सोमवारी रात्री वाचतो. अंकातील ‘आज’ त्याच्या दृष्टीने ‘उद्या’ असतो.

मग दूरदेशीच्या वाचकाचा प्रश्न सुटला काय? काळाचा सुटला; गृहीत ज्ञानाचा उरला. ‘‘वर्षा’वर बैठक’ असा मथळा घेऊ. महाराष्ट्रातील वाचकाला ‘वर्षा’ हे मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाचे नाव म्हणून सांगावे लागत नाही. परदेशात वाढलेला, मराठी शाळेत उत्तम वाचन शिकलेला मुलगा अवतरणचिन्हांकडे पाहून थबकतो; त्याला ‘वर्षा’ म्हणजे पाऊस एवढेच ठाऊक. ‘लाल परी’ म्हणजे एसटीची गाडी, ‘नागपूरचे अधिवेशन’ म्हणजे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, नुसते ‘साहेब’ म्हणजे त्या त्या पक्षाचे विशिष्ट पुढारी. हे शब्द कोशात सापडले तरी अर्थ सापडत नाही. पूर्वी समासातील दोन शब्द जे काम करीत, ते करणारे आता कोणी नाही. अंक क्षणात पोचतो, पण टीपेवाचून.

८. अभ्यासाच्या दिशा

उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी (स्थापना १९८१) संबंधित मराठी शाळा चालतात. मॉरिशसमध्ये मराठी शिकविली जाते. अशा ठिकाणी वृत्तपत्राचा पाठ्यसाहित्य म्हणून उपयोग करावा, अशी सूचना सहज केली जाते. वरील विवेचन मान्य केल्यास तीत एक पुरवणी जोडली पाहिजे. मजकूर उपलब्ध करून देणे आणि तो वाचण्याजोगा करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले यंत्राने केले. दुसरे भाषेच्या अभ्यासकाने करावयाचे आहे.

संशोधक विद्यार्थ्यांना यातून तीन विषय सुचविता येतील. एक: एकाच कालखंडातील दैनिक अंक व ‘ओव्हरलँड’ सारांश समोरासमोर ठेवून काळवाचक व स्थलवाचक शब्दांची तुलना. दोन: ‘दर्पण’मधील इंग्रजी व मराठी मजकूर पाहून भाषांतरात आरंभबिंदू कोठे सरकतो याची नोंद. तीन: आजच्या मराठी दैनिकांतील एका आठवड्याच्या मथळ्यांत विना-स्पष्टीकरण आलेली नावे व संकेत वेचून, महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या वाचकांना त्यांपैकी किती उलगडतात याची पाहणी. तिसऱ्या कामाला निकड आहे. परदेशी गेलेल्या पहिल्या पिढीला दोन्हीकडचे संदर्भ ठाऊक असतात. टिपा लिहू शकणारी हीच पिढी होय. तिच्या हयातीत हे काम झाले नाही, तर पुढील पिढीच्या हाती घरचे पत्र रोज पडेल, त्यातील प्रत्येक अक्षर तिला वाचता येईल, आणि तरीही ते परक्याचे पत्र ठरेल.